बाबांच्या मागचा तंबोरा

आमच्या पुंडलिकनगरचा रेडिओ दुरुस्त करणारा कुठल्याही यंत्राला आधी हात लावत नाही. डोळे मिटतो, एक बोट वर धरतो आणि ऐकत बसतो. तोवर समोरच्या चहावर साय धरते.

त्या दुपारी स्टिरिओ बिघडला नव्हता. मी त्याला बोलावलं ते कौतुक करून घ्यायला. वारलेल्या बाबांच्या गाण्याची एकुलती एक कॅसेट मी संगणकात भरून घेतली होती, संगणक स्टिरिओला जोडला होता आणि वर्षभर येईल त्या पाहुण्याला सांगत होतो, "मागचा तंबोरा ऐका."

त्यानं बोट वर धरलं. मग हळूच गाणं थांबवलं. बाबा थांबले. तंबोरा चालूच राहिला.

"ही लाईटची गुणगुण हाय, साहेब," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं संगणक आणि स्टिरिओच्या मधे दोन चिमुकले आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवले, डाव्या-उजव्या स्पीकरसाठी एकेक. "आत तारेच्या दोन गुंडाळ्या. एकमेकीला शिवत नायत, तरी गाणं पलीकडं जातं. गुणगुण अलीकडंच राहते."

गाणं लावलं. आधी नुसती शांतता आली आणि त्या शांततेत, सुराच्या जरा आधी, बाबांनी घेतलेला श्वास. तो मी कधीच ऐकला नव्हता. दाराचा पडदा हलला तेव्हा मी चक्क उठून उभा राहिलो. त्याचं बोट गाणं संपेपर्यंत वरच होतं.

तो निघताना मी विचारलं, "आता पाहुण्यांना काय सांगू?"

चपला घालत तो म्हणाला, "तंबोरा दुरुस्तीला दिलाय म्हणा."