शाहपूरच्या शेडातलं विसर्जन

“हवालदारसाब, माझा गणपती किधर गया?” शेठ इतक्या जोरात ओरडले, की टाकीत टाकलेल्या केळीच्या फण्या आपोआप धुऊन निघाल्या. चौरंग रिकामा. उदबत्ती जळतेय, मोदक जागेवर, देव गायब. गणपती बसून तिसराच दिवस, आणि शेठचा बाप्पा अनंत चतुर्दशीपर्यंतचा. शेडातली चाळीस माणसंही गायब. होतो फक्त मी, सावधानमध्ये उभा.

खरं सांगायचं तर देव मीच पाठवला होता. एका शब्दानं.

त्याचं असं झालं. वीस वर्षांनी तोफखान्यातून गावी, जसोंडीला परतलो, तो तोफ गळ्यात घेऊनच. अंगणात शिंकलो तर बऱ्हाणपूरच्या स्टेशनात गाडी थांबायची. दोन नोकऱ्या महिन्याच्या आत गेल्या. बँकेच्या दारात पहिल्याच दिवशी असा कडक सॅल्यूट ठोकला, की आतली माणसं हात वर करून उभी राहिली. बायको म्हणाली, “तिसरी गेली ना, तर मीच तुम्हाला सीमेवर परत सोडून येईन.”

बऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर आमच्यासारख्यांचा वर्ग भरायचा. निवृत्त फौजी, पोलीस, अग्निशामक दलातले, सगळ्यांना पुन्हा साध्या माणसांत बसवायचा वर्ग. चालवायचे एक सुभेदारसाहेब, तेही निवृत्तच. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत खुर्चीला पाठ कशी टेकायची, झोप लागत नसेल तर कुणाशी बोलायचं, सगळं शिकवायचे. आग विझवणारे एक काका तर खाली सायकलची घंटी वाजली तरी जिना सोडून खांबावरून उतरायचे. माझा धडा एकच होता. “हवालदार, हुकूम सोडायचा नाही. ‘जरा ऐकता का’ म्हणायचं.” तीन महिने मी एवढंच घोटलं. मग साहेबांनी स्वतःचा शब्द टाकून मला शाहपूरच्या या केळी धुऊन क्रेटात भरायच्या शेडात देखरेखीवर लावलं. शेठ आठवडाभर बघणार, जमलं तर कायम.

दोन दिवस मी लोणी झालो. “ताई, जरा ऐकता का, ही फणी डागाळलीय.”

ताई म्हणाली, “साहेब, तब्येत बरी नाही का तुमची?”

तिसऱ्या दिवशी काम लवकर आटोपलं. मी खुशीत सगळ्यांना ओळीत उभं केलं, हजेरी घेतली, आणि वीस वर्षांची सवय तोंडातून सुटली, “परेड, विसर्जन!”

फौजेत याचा अर्थ एवढाच, की कवायत संपली, पांगा. पण गणपतीच्या दिवसांत, साक्षात बाप्पासमोर उभं राहून?

“आजच?” एकानं दबक्या आवाजात विचारलं.

“साहेबाचा हुकूम हाये भाऊ, उचल!”

हे मला नंतर कळलं. मी तेव्हा मागं हातपाय धूत होतो. येऊन बघतो तर रिकाम्या ट्रकात बाप्पा, भोवती चाळीस माणसं, क्रेट बडवत, मोरया करत फाट्यापलीकडे. आणि दारात शेठ.

शेठना मागं बसवून त्यांचीच मोटारसायकल अशी पिटाळली, की दोन्ही बाजूंच्या बागांतली केळीची पानं उभी फाटली. तापीच्या घाटावर पोचलो तेव्हा पुढच्या चौघांच्या कमरेला पाणी लागलेलं, बाप्पाचा पाट खाली येत होता. ‘जरा ऐकता का’ला सवड नव्हती. पोटभर श्वास घेतला आणि सोडला, “थम्!”

चाळीस माणसं थिजली. क्रेट गप्प झाले. पुलावरची बस जागच्या जागी थांबली. तापीसुद्धा दोन मिनिटं थांबली, मी स्वतः पाहिलंय.

“पीछे मुड!” बाप्पा गर्रकन वळले. “तेज चल!” एका पावलावर, एका रांगेत, सगळे ट्रकात. उंदीर तेवढा ओला झाला होता.

देव चौरंगावर बसला, आरती झाली. मी टोपी काढून शेठसमोर गेलो. या वेळी आवाज आपोआपच खाली आला. “शेठ, चूक माझी आहे. सुभेदारसाहेबांना बोल लावू नका. उद्यापासून मी येत नाही.”

शेठनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

“उद्या सात बजे या,” ते म्हणाले. “अन् विसर्जन नाही, सुट्टी म्हणायचं.”