रंजनाच्या अर्जातून गळालेले शब्द

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

ते दिवस आठवतात ते सगळे पिवळे. कुरुंद्यात हळद शिजत होती. गावावर वाफ तरंगायची, तिचा वास केसांत राहायचा, आणि अंगणात बसलं की समोरचं माणूसही झोपेत पाहिल्यासारखं पुसट वाटायचं. अशाच एका दुपारी रंजना आली. शाळेपासूनची मैत्रीण. वसमतच्या बाजूला मसाल्याचा नवा कारखाना निघाला होता, तिथल्या प्रयोगशाळेत एक जागा होती. अर्ज ऑनलाइन करायचा होता.

मी नांदेडहून संगणकाचा कोर्स करून आले होते. तिथं एक गोष्ट शिकले होते — अशा ठिकाणी बायोडाटा आधी संगणक वाचतो. जाहिरातीतले शब्द त्यात सापडले, तरच तो साहेबांपुढे जातो. नाही तर तिथंच पडून राहतो. रंजनाला हे माहीत नव्हतं.

“मला काय लिवावं कळत न्हाई,” ती म्हणाली. “मी सांगते, तू बराबर लिव.”

ती सांगत गेली. एका हळद गिरणीत ती काही वर्षांपासून कामाला होती; नमुने काढायची, ओलावा तपासायची, प्रतवारी करायची. ओलाव्याचं यंत्र कसं लावायचं, ते हातानं हवेत दाखवत होती. जाहिरातीत हेच तर शब्द होते! तिच्या तोंडून ते आपसूक येत होते. आणि मी — मी काय टाइप केलं? ‘हळद गिरणीत किरकोळ कामाचा अनुभव.’ एवढंच. वाईट वाटलं का? नाही. फार शांत वाटत होतं, संथ पाण्यात उतरल्यासारखं.

तिनं वाचूनही पाहिलं नाही. चहा प्यायली आणि गेली.

त्याच जागेसाठी मलाही अर्ज करायचा होता — हे तिला सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर मी माझा बायोडाटा उघडला आणि तिचे शब्द त्यात घातले. त्या यंत्राला मी कधी हातही लावला नव्हता. मुलाखतीत विचारलं, तेव्हा तिनं दाखवलं होतं तसंच हवेत हात फिरवून दाखवलं.

जागा मला मिळाली. रंजना भेटायला आली, मनापासून खूश होती. मी तिला न सांगता अर्ज केला, याचा रागही धरला नाही. निघताना दारात थांबून तिनं विचारलं, “माझ्यात काय कमी पडलं गं? कळलं असतं तर शिकले असते.”

मी म्हणाले, अर्जच खूप आले होते.

तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं कुठंच अर्ज केला नाही. पुढं गिरणीही सोडली. आता आखाडा बाळापूरला सासरी असते. माहेरी आली की लेकराला घेऊन माझ्याकडे येते, आणि सोबत कुणी असलं तर माझ्याकडे बोट दाखवून सांगते — ही लहानपणापासूनच हुशार.

मी ऐकून घेते.