फ्यूजबॉक्समधलं हळदकुंकू

गाडी दारात आली की अण्णा आधी खिडकीतून आत डोकं घालून वास घेत. मालक काही सांगायला लागला की त्यांचं एक बोट वर जाई. "थांबा की. आदी गाडी, मग तुमी."

ज्याच्यापुढे गिऱ्हाइकालाच अपराधी वाटावं असा एखादा कारागीर तुमच्याही ओळखीत असेल. सोलापुरात पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचं वायरिंग करणारे अण्णा तसे होते. मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि बिघाडाशी पुन्हा कन्नड.

माझ्याकडे वैरागच्या आमच्या गुरुजींची, माझ्या जन्माआधीची मोटार आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या दिवशी एसटी चुकली, तेव्हा गुरुजींनी याच मोटारीतून मला बार्शीला पोचवलं. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा किल्ली माझ्या हातात देऊन ते एवढंच म्हणाले, "सांभाळ." आता वैरागला त्यांचा सत्कार ठरला होता, आणि त्यांना घरून याच मोटारीतून न्यायचं मी कबूल करून बसलो होतो. आठ दिवस उरले होते आणि मोटार डावा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजवत होती.

अण्णांनी बॉनेट उघडून फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं. आत हळदकुंकवाचा घट्ट थर. कोपऱ्यात तांदळाचे चार दाणे.

"ह्ये काय हाय?"

"दसऱ्याला पूजा करतो."

"लोक चाकाची करत्यात, बॉनेटची करत्यात. फ्यूजची कोन करतंय?"

गाडीचा जीव तिथेच असतो असं मला वाटायचं. म्हणून दरवर्षी आधी नारळाचं पाणी शिंपडायचो, मग हळदकुंकू वाहायचो. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"लई शिकलाय तुमी," अण्णा म्हणाले. त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून दाखवलं. मग चहावाल्याला. चहावाल्याने नमस्कार केला.

थर खरवडल्यावर मात्र अण्णा हसायचे थांबले. फ्यूज सारखा उडतो म्हणून मी त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. त्यामागची तार जळून उघडी पडली होती, आणि पेट्रोलची नळी तिथून चार बोटांवर होती.

"फ्यूज उडतोय म्हंजी वरडतोय. तुमी त्याचं तोंडच बांदलं. म्हाताऱ्या मानसाला बसवनार व्हता न्हवं ह्यात?"

नवा फ्यूजबॉक्स बसवायचा, प्रत्येक तारेला स्वतंत्र फ्यूज द्यायचा, असं अण्णांनी ठरवलं. जुना डबा गुरुजींची आठवण आहे, असं मी चाचरत म्हणालो.

"आटवन कपाटात ठिवा. रस्त्यावर नवा."

सातव्या दिवशीही डॅशबोर्डखालून शेवया लोंबाव्यात तशा तारा लोंबत होत्या. सत्काराच्या सकाळी अण्णांनी शेवटचा स्क्रू पिळला, हात पुसले आणि स्वतःच मागच्या सीटवर जाऊन बसले.

"तुम्ही कुठे, अण्णा?"

"वैरागला. तुमच्यावर भरवसा न्हाय. वाटंत उदबत्ती लावाल."

वैरागला गुरुजी घरातून येऊन पुढे बसले. वळणावर मी डावा इंडिकेटर लावला. नुसती टिकटिक. गुरुजी समाधानाने म्हणाले, "छान सांभाळलीस हो." आरशात पाहिलं, तर अण्णा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हसून हलत होते. माझी चहाडी मात्र त्यांनी केली नाही.

मागच्या वर्षी अण्णा गेले. गेल्या महिन्यात गुरुजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना भर रस्त्यात फ्यूज उडाला. हॉर्न बंद पडला, बाकी सगळं ठीक. बदलावा म्हणून बॉक्स उघडला, तर कुठला फ्यूज कशाचा हे अण्णांनी झाकणाच्या आत कन्नडमध्ये लिहिलेलं. मला त्यातलं एक अक्षरही वाचता येईना. रस्त्याकडेला कडक भाकरी विकणाऱ्या मावशी शेजारणीशी कन्नडमध्ये बोलत होत्या, त्यांना विचारलं. डोक्यावरचा पदर सावरत त्या एकेक ओळ वाचू लागल्या. दिवे. वायपर. हॉर्न.

शेवटची ओळ वाचून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"ह्ये तुमच्यासाटी दिसतंय. 'सायेब, हात लावू नका. मला हाक मारा.'"