पुढच्या माणसाची टोपी

एक्स-रे आणि स्कॅनिंग सेंटरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना चांगलं ठेवलेलं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर उरलं होतं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना कोडेताई म्हणायचे. हे नाव पडलं त्याला कारण झालं बंद पडलेलं यंत्र. हॉल माणसांनी खच्चून भरलेला, कुणी उपाशीपोटी आलेलं, कुणी कामाला दांडी मारून, आणि सगळ्यांचा राग काउंटरवर. कोडेताईंना भांडता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण भांडायचं तर एकाशी, अख्ख्या हॉलशी भांडून घसा कुणाचा बसणार? त्यांनी टेबलावर पेन आपटलं आणि म्हणाल्या, "ओरडणं चालू ठेवा. फक्त ज्याचं डोकं अजून शाबूत आहे त्याने जरा इकडे ऐकावं."

कोडं साधं होतं. पेशंट तीन. प्रत्येकाचा एक फोटो पुढून काढायचा, एक मागून. यंत्रं दोन. एका फोटोला पाच मिनिटं लागतात. तिघांचं काम कमीत कमी किती वेळात उरकेल?

"वीस मिनिटं," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"चूक."

त्या एका शब्दाने हॉल गप्प झाला. माणसाला तासभर ताटकळत ठेवा, तो कुरकुरेल. त्याला चूक म्हणा, तो कागद-पेन मागेल. यंत्र दुरुस्त होईपर्यंत तिथे बोटं मोजणारी माणसं बसली होती. उत्तर पंधरा मिनिटं. आधी पहिला आणि दुसरा पुढून. मग पहिला मागून आणि तिसरा पुढून. मग दुसरा आणि तिसरा मागून. एकही यंत्र एक क्षण रिकामं राहत नाही, यातच सगळी गंमत. एका किराणा दुकानदाराला हे इतकं पटलं की तो आत जाऊन टेक्निशियनला कामाची पद्धत शिकवू लागला. सेंटरमध्ये यंत्र एकच आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेव्हापासून ती रीतच पडली. कोडं बाहेर, उत्तर आतून आल्यावर. आतली खोली गार, अंगात पाठीमागे बांधायचा झगा, भिंतीतून कुणी तरी म्हणतंय 'श्वास रोखा', अशा वेळी माणसाच्या मनाला धरायला काही तरी हवं, असं कोडेताईंचं म्हणणं. अंधाराला घाबरणाऱ्यांना त्या मोज्यांचं कोडं द्यायच्या: अंधाऱ्या कपाटात काळे आणि पांढरे मोजे एकत्र पडलेत, न बघता किती काढले म्हणजे एका रंगाची जोडी नक्की मिळेल? आत जाताना माणूस शंभरापर्यंतचे आकडे सांगायचा आणि बाहेर येऊन उत्तर 'तीन' आहे हे कळलं की कपाळावर हात मारून घ्यायचा. रंग दोनच, मग तिसरा मोजा पहिल्या दोघांपैकी कुणाशी तरी जुळणारच. काही जण रिपोर्ट विसरून जायचे, पण उत्तर घेतल्याशिवाय जायचे नाहीत.

"वाट बघणं हा अर्धा आजार असतो," कोडेताई सांगायच्या. "त्याचं औषध माझ्याकडे आहे." हे औषध त्यांनी स्वतः कधी घेऊन पाहिलं नव्हतं, एवढंच.

मग एक दिवस असा उजाडला की बाकावर त्यांचा नवराच बसला होता.

नवरा नळदुरुस्ती करणारा. खोकला काही केल्या जाईना, तेव्हा कोडेताईंनीच ओढून आणून छातीचा स्कॅन करायला लावला होता. हत्यारांची पिशवी पायाशीच होती, कारण तिथून थेट कुणाची तरी गळती काढायला जायचं होतं. तो आत जाऊन आला, शर्टाची बटणं लावत बाकावर बसला. जाताना कोडं मागितलं नाही. कोड्यांचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा. "आपणच नळ फोडायचा आणि आपणच जोडत बसायचं, याला काम म्हणतात का?" असं त्याचं मत होतं.

आता सेंटरची एक पद्धत होती, ती काउंटरवर बसून बसून कोडेताईंना पाठ झाली होती. रिपोर्ट ठीक असला की टायपिस्ट तो पाकिटात घालून खिडकीतून काउंटरवर सरकवते. काही वावगं असलं की पाकीट येत नाही. डॉक्टर स्वतः दार उघडून नातेवाइकाला आत बोलावतात. बाकावरच्या लोकांना हे ठाऊक नसे. कोडेताईंना ठाऊक होतं, आणि हेच घात करून गेलं.

नवऱ्याच्या मागून गेलेल्या म्हाताऱ्याचं पाकीट आलं. त्याच्या मागच्या कॉलेजच्या मुलीचं आलं. गुडघेवाल्या बाईंचं आलं. नवऱ्याचं आलं नाही. डॉक्टरांचं दारही उघडलं नाही.

कोडेताईंच्या मनात पाल चुकचुकली. डोकं त्यांचं कोड्यांचं, ते गप्प कशाला बसेल? चांगलं असतं तर पाकीट आलं असतं. वाईट असतं तर मला बोलावलं असतं. दोन्ही झालं नाही. मग तिसरं काय उरलं? डॉक्टरांना धीर होत नाही. रोज समोर बसणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं, याचा विचार करत ते आत बसलेत. म्हणजे नुसतं वाईट नाही, फार वाईट. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. कोडेताईंचं मन तर पायरी-पायरीने, एकही चूक न करता चिंतत होतं.

त्यांच्या पायाला भिंगरी लागली. पाकिटांचा गठ्ठा सारखा केला, मग विस्कटला, पुन्हा सारखा केला. पाण्याच्या पिंपाशी गेल्या आणि रिकामा पेला घेऊन परत आल्या. कुंडीतल्या झाडाला पाणी घातलं, ते प्लॅस्टिकचं होतं. टायपिस्टच्या खिडकीपर्यंत जाऊन दोनदा माघारी फिरल्या. विचारलं की उत्तर मिळणार, आणि उत्तराचीच भीती वाटत होती.

"ताई, जरा बसा हो," भिंतीकडच्या बाकावरची एक बाई म्हणाली. सुनेच्या स्कॅनसाठी ती आली होती. "तुम्हाला बघून मला गरगरायला लागलं."

कोडेताई हसल्या. नवऱ्याकडे बघून तर जास्तच हसल्या. त्याला काही कळता कामा नये, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

नवऱ्याने बाकावरून हाक मारली. "अगं, मलाही दे की एखादं."

"काय?"

"कोडं. सगळ्यांना देतेस. मीच काय घोडं मारलंय?"

जन्मात न मागितलेली गोष्ट माणसाने नेमकी आजच मागावी! कोडेताईंना दुसरं काही सुचेना. मघापासून डोक्यात जे घोळत होतं तेच त्यांनी काउंटरवरून सांगून टाकलं.

"तीन माणसं रांगेत उभी आहेत, एकामागे एक. पेटीत तीन लाल टोप्या आणि दोन निळ्या. डोळे बांधून प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक टोपी घातली, उरलेल्या लपवल्या. डोळे सोडल्यावर सगळ्यात मागच्याला पुढचे दोघे दिसतात. मधल्याला फक्त पुढचा दिसतो. पुढच्याला कुणीच दिसत नाही. मागच्याला विचारलं, तुझी टोपी कुठली? तो म्हणाला, सांगता येत नाही. मधलाही म्हणाला, सांगता येत नाही. तेव्हा पुढचा म्हणाला, मला कळली. कशी कळली?"

नवऱ्याने पिशवीतून नळाचे तीन वायसर काढून बाकावर ओळीने मांडले. एकाला बोट लावलं, मग दुसऱ्याला. खोकला आला, तो तोंडावर हात धरून दाबला. सुनेसाठी आलेली बाई मान वाकडी करून बघू लागली.

"निळ्या दोनच," तो पुटपुटला. "मागच्याला पुढे दोन्ही निळ्या दिसल्या असत्या, तर आपली लाल हे त्याला कळलंच असतं. नाही कळलं. म्हणजे पुढच्या दोघांत निदान एक लाल." त्याने मधल्या वायसरवर बोट ठेवलं. "हे मधल्यानेही ऐकलं. आता त्याला पुढे निळी दिसली असती, तर ती लाल आपलीच म्हणून तो ओरडला असता. तोही गप्प. म्हणजे पुढच्याची लाल."

"बरोब्बर!" ती बाई म्हणाली.

कोडेताई काही बोलल्या नाहीत. नवऱ्याने वायसर गोळा करून पिशवीत टाकले आणि मान वर केली.

"त्या पुढच्याला काहीच दिसत नाही. मागचे गप्प बसले त्यावरून त्याला कळलं," तो हळू म्हणाला. "मघापासून तू मला एकदाही ओरडली नाहीस. पिशवी मध्ये ठेवली म्हणून नाही, खोकलताना रुमाल धरला नाही म्हणून नाही. वर हसतेस. माझी लाल आहे ना?"

कोडेताई काउंटरच्या मागून बाहेर आल्या. हॉलमधल्या सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

"मला काही माहीत नाही हो!"

"मग लपवत काय होतीस?"

"जे माहीत नाही तेच," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बातमी कुणीही दिली नव्हती, तरी ती त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि पोचवली होती त्यांनीच.

मग मात्र त्यांना राहवेना. तरातरा जाऊन त्यांनी डॉक्टरांचं दार ढकललं.

"डॉक्टर, काय असेल ते एकदाचं सांगून टाका."

डॉक्टर पडद्यावरची कुणाची तरी कंबर बघत होते. "कशाचं काय?"

"आमच्या ह्यांचं."

"त्यांचं? अहो, साफ आहे सगळं! जुन्या धुळीचा खोकला आहे, औषध लिहून देतो. मला वाटलं, हिने तुम्हाला केव्हाच सांगितलं."

शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट तोंडावर हात ठेवून उभी राहिली. "मला वाटलं डॉक्टरच सांगतील तुम्हाला. घरचं माणूस, म्हणून पाकीटही केलं नाही. म्हटलं, ताईंना कसलं पाकीट द्यायचं?"

परक्या माणसाला जे खिडकीतून मुकाट मिळालं असतं, ते घरच्या माणसाला कुणीच दिलं नव्हतं. कोडेताईंच्या कोड्यांत गप्प बसलेला प्रत्येक माणूस विचार करत असतो. इथे गप्प बसलेले डॉक्टर आणि टायपिस्ट नुसते आपापलं काम करत होते. त्या हिशेबात पायरी एकही चुकली नव्हती, पण माणसं अशीही असतात, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा अर्धा हॉल हसला. सुनेसाठी आलेल्या बाईने देवाला हात जोडले, खरं तर तिचा काही संबंध नव्हता. कोडेताईंच्या जिवात जीव आला होता, आता कुणाला तरी रागवावंसं वाटत होतं.

"उठा आता. गळती काढायला जायचंय ना? तिकडे घर वाहून जाईल त्यांचं."

नवरा उठला नाही.

"बसतो थोडा."

"अहो, पण सगळं साफ आहे म्हणाले ना!"

"ते ऐकलं मी." तो पिशवीचा बंद उगीच गुंडाळत होता. "तू तिथे उभी, मी इथे. दोघंही घाबरलेले, आणि मध्ये ते काउंटर. मला कोडं कशाला हवं होतं? तू बोलावंस म्हणून मागितलं. पुन्हा असं झालं तर कोडं देऊ नकोस. तुला काही माहीत नसलं तरी चालेल, येऊन शेजारी बस."

इतकी वर्षं त्या बाकावर येऊन बसलेली किती तरी माणसं कोडेताईंना आठवली. त्यांतल्या एकाच्याही शेजारी त्या बसल्या नव्हत्या. त्यांनी हत्यारांची पिशवी पायाने बाजूला सारली आणि बाकावर बसल्या. बाक अरुंद होता, पाठीला टोचत होता, आणि तिथून डॉक्टरांचं दार फार लांब दिसत होतं. नवऱ्याचा हात गार पडला होता, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला.

काउंटरवरचा फोन वाजू लागला. वाजत राहिला. शेवटी सुनेसाठी आलेली बाईच उठली आणि तिने रिसीव्हर उचलला.

"नंतर करा," ती म्हणाली. "आत्ता ताई बसल्यात."