शेजारच्या भिंतीवरचं चित्र

लोक विचारतात, चित्रं कधीपासून काढता? मी काहीतरी थाप मारते. खरं हे आहे, की मी मन लावून काढलेलं पहिलं चित्र मेलेल्या मैत्रिणीचं होतं, आणि त्यात मी लबाडी केली.

करी रोडच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत राहायची. चौथीत असताना तापाने गेली. भिंतीवर लावायला धड फोटो नव्हता; शाळेच्या ग्रुप फोटोत ती नेमकी हलली होती. तिची आई माझ्याकडे आली. "तुझो हात बरो आसा. माझ्या चेडवाचा चित्र काढून दी गो."

मी कागद घेऊन बसले आणि घाबरले. जिच्याशी रोज गॅलरीत सागरगोटे खेळले, तिच्या दोन वेण्या आठवत होत्या, कपाळावरचा वण आठवत होता, पण चेहरा काही केल्या येईना. शेवटी बाबांचा दाढीचा आरसा समोर ठेवला, स्वतःचं तोंड उतरवलं आणि त्यावर तिच्या वेण्या आणि वण चढवला.

अख्खी चाळ बघायला लोटली. सगळे म्हणाले, हुबेहूब! आयुष्यातलं ते पहिलं कौतुक, आणि खोटं कशाला बोलू, मी फुगले. माझ्या आईने मात्र चित्र पाहिलं आणि मला हाताला धरून ओढलं. घरी नेऊन तिने मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि कुणाला काही बोलायचं नाही म्हणून बजावलं.

चित्राला फ्रेम झाली, चंदनाचा हार चढला. दर वर्षी तिच्या तिथीला तिची आई, म्हणजे आमच्या काकू, माझ्या तोंडापुढे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार ठेवायच्या, हात जोडायच्या. मला आपण मेल्यासारखंच वाटायचं. त्या दारावरून मी मान खाली घालून जायचे.

चाळ पडली, टॉवर झाला. गेल्या वर्षी मनाचा हिय्या करून एकोणिसाव्या मजल्यावर त्यांच्या नव्या घरी गेले आणि काकूंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडतील, नाहीतर हाकलून देतील.

"माका पयल्याच दिसा कळला," काकू शांतपणे म्हणाल्या. "पण भिंत रिकामी कशी ठेवू?" मग त्यांनी माझा हात धरला. "रोज बघून बघून आता डोळे मिटले तरी तूच दिसतंस. तिचा खरा तोंड तुका तरी आठवता काय गो?"

मला आठवत नव्हतं. तिचा चेहरा आता कुणाकडेच नव्हता, आणि तो पुसणारी मी होते.