इनेसबाईंचं जर-तर आणि वेवजीची सून

इकडे ये गं मने, अशी जवळ बस. स्पॅनिशचं पुस्तक उशीखाली ठेवून कोणाला क्रियापदांचे काळ आलेत का? जर-तरचा एक धडा आला आणि म्हणे क्लास सोडते. मी तो धडा तलासरीच्या दवाखान्यात इंजेक्शनच्या सुया उकळता उकळता शिकले.

दवाखाना छोटा. डॉक्टर स्पेनहून आलेल्या, इनेसबाई. मी नर्स, आणि दुभाषीपणही माझ्याच गळ्यात. बाई स्पॅनिशमध्ये बोलणार, मी पेशंटला मराठीत सांगणार.

जर-तर बनवायला सोपं. क्रियापद अख्खं ठेवायचं, मागे ‘ईआ’ जोडायचं. ‘कोमेर’ म्हणजे खाणं, ‘कोमेरीआ’ म्हणजे मी खाल्लं असतं. काही क्रियापदं हट्टी असतात, ‘तेनेर’चं ‘तेंद्रीआ’ होतं, ती पाठच करायची. माझं अडायचं ते बाईंच्या उदाहरणांपाशी.

“तुझं घर जळालं, तर काय करशील?”

“का म्हणून जळेल?”

“समज, जळालं.”

“शेजारणीचं जळू दे. मग सांगते.”

बाई कपाळाला हात लावायच्या. घरच्यांचं वाईट तोंडातून काढू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे स्पेनमध्ये त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अशात एके सकाळी काशीबाय आपल्या सुनेला, जानीला घेऊन आली. जानीला आठवा महिना. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, बीपी चढलेलं. इनेसबाईंनी तपासलं आणि मला एकच वाक्य दिलं. हिला आजच डहाणूच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं नाही, तर ही आणि बाळ, दोघंही जातील.

आता हे सासूच्या तोंडावर कसं सांगायचं? तसं बोलले असते, तर ती सुनेला उचलून घरी गेली असती, आणि वर मलाच नजर लावणारी म्हणाली असती.

मी स्टूल पुढे ओढलं. “काशीबाय, वेवजीला एक सून होती. असेच पाय सुजले. सासू म्हणाली, आमची सगळी बाळंतपणं घरीच झाली.”

“मंग?”

“मग काय. मांडीवर घ्यायला नातू नाही, आणि चूल पेटवायला सून नाही.”

काशीबायचा हात तोंडाशी गेला. मला वाटलं, झालं काम.

“वेवजीत कोनाची गं? माझं माहेर वेवजीचं.”

ती सून तर मी मनानेच रचलेली. नुकतीच महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं वेगळी झाली होती, आणि वेवजी गाव ऐन सीमेवर. माणसांना त्याचा काय उपयोग होता ते ठाऊक नाही, मला त्या दिवशी झाला. “वेवजीच्या पलीकडची गं. गुजरातेतली.”

“हां,” काशीबाय म्हणाली, “तिकडच्या सासवा तशाच.” आणि सुनेकडे वळून, “ऊठ गं. मी का तसली हाय?”

दोघींना घेऊन दवाखान्याची जीप निघाली. इनेसबाई माझ्याकडे बघत होत्या. “मी एक वाक्य दिलं. तू एवढा वेळ काय बोलत होतीस?”

“बाई, तेच वाक्य. आमच्याकडे एवढं लांब असतं.”

डहाणूला जानीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पुढे काशीबाय नात दाखवायला आली, तेव्हा रांगेतल्या बायकांना गुजरातेतल्या त्या सुनेची गोष्ट सांगत होती. गोष्टीत आता सुनेला नाव होतं, दोन नणंदा होत्या, आणि काशीबाय स्वतः तिच्या बाराव्याला जाऊन आली होती. इनेसबाईंनी विचारलं, ही गुजरातवाली कोण? मी म्हटलं, तुमचं जर-तर. नंतर कोणी औषध घ्यायला कुरकुर केली, की त्याच मला म्हणायच्या, “हिला गुजरातवाली सांग.”

तेव्हापासून मी नियम धरला. वाईट घडायचं असेल ते लांबच्या गावात घडवावं, आणि त्याआधी समोरच्या बाईचं माहेर विचारून घ्यावं.

तर तो धडा पुरा कर. आणि पुढच्या खेपेला फार दिवस लावू नकोस. जमलं तर ये, वेळ मिळाला असता तर आले असते, असलं काही मला ऐकवायचं नाही. चिकू पिकायला घातलेत. सरळ ये.