बाबांचा फोन

नाशकात मुलांना खेळातून मोकळं करायचं काम मी करते, आणि खरं सांगते, मुलं कधी डोकं खात नाहीत. डोकं खातात ती मोठी माणसं. दार उघडलं रे उघडलं की विचारणार, आज काय शिकवलं, मॅडम? अहो, ही काय शिकवणी आहे? मूल बाहुलीला झोडपतं, वाळूत घर बांधतं, मोडतं, आत साचलेलं असं बाहेर काढतं. मी सोबत बसते. हे सांगून सांगून माझा घसा बसला.

एका सहा वर्षांच्या मुलीला तिची आई आणि काका सटाण्याहून एसटीने घेऊन यायचे. वडील अपघातात गेलेले. पोर शाळेत कुणाशी बोलेना, रडेना, जेवेना. घरच्यांनी तिला सांगून ठेवलेलं, बाबा दुबईला कामाला गेलेत. वर कहर म्हणजे काकांचा आवाज हुबेहूब भावासारखा, म्हणून रोज जेवायच्या वेळी ते गच्चीवर जाऊन बाबा बनून तिला फोन करायचे. फोन झाला की पोर दोन घास खायची. तेवढंच पोटात जातं, असं ते मला कौतुकाने सांगत होते.

माझं टाळकंच फिरलं. तिला खरं सांगा, म्हणून अक्षरशः हात जोडले. काका म्हणाले, एवढुशी आहे, तिला काय कळतंय? आई ओढणीशी चाळा करत बसलेली. दर खेपेला तेच. संताप यायचा, आणि त्या पोरीसाठी जीव तुटायचा. शेवटी एकदा आईला खेळाच्या खोलीतच बसवलं, मध्ये बोलायचं नाही या अटीवर.

मुलीने खेळण्यातला फोन बाहुलीच्या कानाला लावला. "हो बाबा. जेवले बाबा." फोन ठेवला. मग दुसऱ्या बाहुलीला जवळ घेऊन हळूच समजावलं, "ते बाबा नाहीत, काका आहेत. पण सांगायचं नाही हं. आईला वाईट वाटेल."

आई उठली ती थेट वाळूच्या परातीपाशी, मुलीजवळ येऊन बसली. मी अडवलं नाही.

"आपले बाबा वारले गं," ती म्हणाली. "आता नाही यायचे ते."

मुलीने बाहुली खाली ठेवली. आईकडे बघितलं.

"मग आता मी रडले तर चालेल?"